गृहअर्थशास्त्राची बाई



जून उजाडला की वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सगळीकडे कॉलेजच्या खिडकीपुढे मुलींच्या रांगा लागतात. बारावी झालेली मुलगी, सोबत आई नाहीतर मोठा भाऊ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका आणि जातीचा दाखला. बी.ए.चा अर्ज भरताना विषय निवडायची वेळ आली की खिडकीतून सल्ला येतो, "गृहअर्थशास्त्र घे. मुलींचा विषय आहे, सोपा आहे." मुलगी मान हलवते. विषय ठरतो. पुढची तीन वर्षे आणि त्यानंतरचे बरेच काही त्या एका वाक्याने ठरून जाते.

अशाच एका आईने गेल्या प्रवेशाच्या वेळी आमच्या केंद्रात येऊन विचारले, "बाई, हे शिकून माही पोरगी मास्तरीण होईन का?" प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला, आणि तरी त्या माउलीचे समाधान झाले असे वाटले नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय त्या उत्तरासाठी. गृहअर्थशास्त्र शिकवायला काय लागते, हा प्रश्न नोकरीच्या पानावरचा वाटेल. पण बाईचे घरातले काम म्हणजे ज्ञान आहे की नाही, आणि असेल तर ते कोणी, कोणत्या दर्जाने, किती पगारावर शिकवायचे, हे सगळे त्यात येते. हे प्रश्न आपल्या चळवळीचेच आहेत.

आधी नियम सांगते.

कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे अकरावी-बारावीला, आपल्या राज्यात हा विषय एका नावाने नाही. तो गृहव्यवस्थापन, बालविकास, अन्नशास्त्र, वस्त्रशास्त्र अशा नावांनी विखुरलेला आहे. तिथे शिकवायचे तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी किमान पन्नास टक्क्यांनी आणि वर बी.एड. हवी. बी.एड. पूर्वी एका वर्षात होत असे, २०१५ पासून ती दोन वर्षांची झाली. म्हणजे बारावीनंतर तीन, दोन आणि दोन, अशी सात वर्षे. मुलगी तोवर पंचविशीत येते. आपल्या भागात पंचविशीपर्यंत मुलीला शिकू देणारे घर कसे असते, आणि त्या घराला वर्षातून किती वेळा पाहुणे "स्थळ" घेऊन येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने माफ केली. चांगले झाले. पण खोलीचे भाडे, डबा आणि "आता पुरे" म्हणणारे घर यांना कुठली माफी नाही.

याच बी.एड.मध्ये एक खाच आहे आणि ती प्रवेशाच्या खिडकीवर कोणी सांगत नाही. पाचवी ते दहावीच्या नेहमीच्या विषयांत गृहअर्थशास्त्र नाही. दहावीला ते उरले आहे ते जवळजवळ एकाच ठिकाणी: दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र असा पर्याय घेता येतो, तिथे. (विज्ञान झेपत नाही त्यांच्यासाठी गृहशास्त्र! या पर्यायामागचा हेतू चांगलाच आहे, पण विषयाकडे कसे पाहिले जाते ते यातून कळते.) तेव्हा शाळेत शिक्षिका व्हायचे स्वप्न असेल तर बी.ए.ला गृहअर्थशास्त्रासोबत मराठी, इंग्रजी, इतिहास असा शाळेत शिकवला जाणारा विषय असलाच पाहिजे. ज्या मुलीला हे पहिल्या वर्षी कळले नाही तिला ते चौथ्या वर्षी, बी.एड.च्या दारात उभे राहिल्यावर कळते.

वरिष्ठ महाविद्यालयाची वाट वेगळी. तिथे बी.एड. लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर पदवीला पंचावन्न टक्के (अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांना पन्नास) आणि नेट किंवा सेट. आयोगाच्या नियमांप्रमाणे पीएच.डी. झालेल्यांना नेटमधून सूट होती. १ जुलै २०२३ पासून आयोगाने नेट-सेट हीच किमान अट ठेवली आणि सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. ऐच्छिक आहे, सक्तीची नाही, असे स्पष्ट केले. म्हणून "तुझी पीएच.डी. नाही, अर्ज करू नकोस" असे कोणी म्हटले तर ऐकू नका. जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा मसुदाही आला. जाहिरात निघेल त्या दिवशीचे नियम स्वतः वाचावेत, ऐकीव माहितीवर राहू नये.

नेटला विषय आहे 'गृहविज्ञान'. त्यात अन्न व पोषण, मानव विकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन, विस्तार शिक्षण अशा पाचही शाखा येतात. एम.ए. गृहअर्थशास्त्र झालेली आपली मुलगी एका शाखेत पक्की असली तरी बाकी चार शाखा घरी बसून वाचते. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. मराठीतून पाच वर्षे 'प्रथिने', 'जीवनसत्त्वे' लिहिलेल्या मुलीला परीक्षेच्या खोलीत तेच शब्द परक्या भाषेत ओळखावे लागतात. राज्याची सेट परीक्षा पुण्याचे विद्यापीठ घेते. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि, हे मुद्दाम अधोरेखित करते, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेटला किंवा सेटला वयाची वरची मर्यादा नाही. संशोधन शिष्यवृत्तीला मर्यादा आहे, तीतही बायकांना पाच वर्षांची सूट आहे. लग्न होऊन, दोन मुले होऊन, ती शाळेत जायला लागल्यावर पस्तिशीत पुस्तक उघडलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. ती वाट बंद नाही.

आणखीही दोन दारे आहेत आणि त्यांच्याकडे आपल्या मुलींचे लक्ष कमी जाते. एक, एकात्मिक बालविकास सेवा योजनेतली पर्यवेक्षिका, जिला आपण मुख्य सेविका म्हणतो. जिल्हा परिषदेच्या सरळसेवेत या पदासाठी समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण, समाजकार्य अशा विषयांतल्या पदवीधर बायकांचा विचार होतो. इथे बी.ए.चा विषय थेट उपयोगी पडतो. दुसरे, कृषी विज्ञान केंद्र. आपल्या जिल्ह्याचे केंद्र रिसोड तालुक्यात करडा इथे आहे. अशा केंद्रांत गृहविज्ञानाच्या विषय विशेषज्ञाचे पद असते, आणि ते खऱ्या अर्थाने शिकवण्याचे काम आहे, फक्त वर्गाला भिंती नसतात. त्याला गृहविज्ञान शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते, आणि ती शिकवणारे सगळ्यांत जवळचे कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय आपल्याला हिंगोली ओलांडून परभणीला सापडते. ते १९७६ सालचे गृहविज्ञान महाविद्यालय, आता नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय. वाशिमहून थेट रेल्वे आहे. पण आपल्या मुली अमरावती विद्यापीठात बी.ए. करतात आणि परभणीचे नाव ऐकतच नाहीत. बारावीलाच ठरवावे लागते, नंतर बी.ए. गृहअर्थशास्त्रावरून त्या गाडीत चढता येत नाही.

हे झाले कागदावरचे. आता कागदामागचे.

मी स्वतः याच विषयाची. एम.ए. झाले, सेट झाले, आणि विदर्भातल्या एका महाविद्यालयात काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांनी भोगले नाही त्यांच्यासाठी सांगते. जितके तास फळ्यापुढे उभ्या राहाल तितक्याचेच पैसे. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, परीक्षेचा काळ बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी. बाळंतपणाची रजा असा शब्दच त्या करारात नव्हता. जुलैत शिकवलेल्या तासांचे पैसे पुढच्या वर्षीच्या मार्चनंतर मिळाले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी गॅसचे सिलिंडर, भांडी, कडधान्य मी घरून नेत असे, कारण विभागाला त्यासाठी तरतूद नव्हती. दुसऱ्या एका संस्थेच्या मुलाखतीत मला विषयावर दोन प्रश्न विचारले आणि नवऱ्याच्या नोकरीवर चार. शेवटी एक गृहस्थ हसून म्हणाले, "स्वयंपाकच तर शिकवायचा आहे, त्याला सेट कशाला?" आणि मग त्याच पदासाठी संस्थेला किती "देणगी" अपेक्षित आहे ते सुचवले. स्वयंपाक शिकवायला पात्रता लागत नाही, पण पैसे लागतात, असा तो हिशेब.

शासनाने २०१८ साली राज्यात सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना मान्यता दिली. त्यातली २,०८८ पदे तशीच राहिली आणि २०२१ साली त्यांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. पात्रता वाढत जाते, पदे रिकामी राहतात, आणि मधल्या जागेत तासावर काम करणाऱ्यांची फौज उभी राहते. तीत पुरुषही आहेत, हे खरे. पण गृहअर्थशास्त्रासारख्या विषयात जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत, आणि बहुतेक कॉलेजांत या विभागात एकच पद असते. ते रिकामे झाले की विभागच तासावर जातो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य आणि गौण विषयांची नवी रचना आली आहे. विद्यार्थिनींनी मुख्य म्हणून हा विषय घेतला नाही तर कार्यभार घटणार आणि ते एक पदही जाणार. अमुक पात्रता लागते असे मुलीला सांगायचे आणि ती मिळवल्यावर बसायला खुर्चीच नाही, याला आपण काय म्हणणार?

इथे काही मैत्रिणी म्हणतील, जाऊ दे ना तो विषय! मुलींना चुलीपाशी बांधणारा विषय बंद पडला तर आपण का रडावे? हा आक्षेप आपल्या चळवळीतला जुना आहे आणि तो पोकळ नाही. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा मुलींच्या वाट्याला पुढे संसारच येणार हे गृहीत धरून गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य हे विषय आग्रहाने ठेवले. अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढाकाराने १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले, तिथेही घर हेच केंद्र होते. म्हणजे मुलींना शिकवायचे, पण ज्या भिंतींच्या आत त्या आहेत त्या भिंतींसाठीच.

तरी एवढ्यावर थांबले तर निम्माच इतिहास हाती येतो. अमेरिकेत या शास्त्राचा पाया घातला तो एलन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाईने. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकलेली ती पहिली स्त्री. पाण्यातली घाण, अन्नातली भेसळ, घरातली हवा यांची तपासणी तिने प्रयोगशाळेत केली, आणि १८९९ पासून लेक प्लॅसिड इथे भरलेल्या परिषदांतून 'होम इकॉनॉमिक्स' उभे राहिले. विज्ञानाच्या मुख्य दारातून बायकांना आत घेत नव्हते, म्हणून त्यांनी हे बाजूचे दार पाडले. कितीतरी बायका त्या दारातून प्राध्यापक, संशोधक झाल्या. पुढे तिथल्या स्त्रीमुक्तीवाल्यांनीही या विषयावर कडाडून टीका केली. १९९० च्या दशकात त्या लोकांनी नाव बदलून 'कुटुंब आणि ग्राहक विज्ञान' केले. तिथल्या सरकारी शाळांत तो शिकवायला इतर विषयांसारखीच पदवी आणि राज्याचा शिक्षक परवाना लागतो, आणि वर्गात मुलगेही बसतात.

आपल्याकडे हंसाबेन मेहतांचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाचा शब्द येऊ घातला होता. तिथे 'सर्व मानव' यावे म्हणून भांडलेल्या या बाई. बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू असताना १९५० साली तिथे गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. आणि १९६० च्या दशकात मुलामुलींच्या अभ्यासक्रमातील भेदावर नेमलेल्या समितीच्या अध्यक्षही त्याच. त्या समितीने सांगितले की मुलामुलींचा अभ्यासक्रम एकच असावा, आणि गृहविज्ञान मुलींवर लादू नये. एकीकडे विद्याशाखा काढायची आणि दुसरीकडे सक्ती नको म्हणायचे, यात विसंगती शोधणारे शोधोत. मला त्यात एकच भूमिका दिसते: हे शास्त्र आहे म्हणून शिकवा, बाईचे नशीब आहे म्हणून नको.

घरकाम हा विषय संपलेला नाही, कारण घरकाम संपलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. आणि जे पुरुष असे काम करतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. मोटार अपघातात मेलेल्या गृहिणीच्या भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सरकारला सुनावले होते की जनगणनेत घर चालवणाऱ्या बाईला भिकारी, कैदी यांच्या रांगेत 'काम न करणारी' म्हणून बसवणे हा तिच्या श्रमांचा अपमान आहे. "स्वयंपाकच तर शिकवायचा आहे" म्हणणारे ते मुलाखतीतले गृहस्थ आणि जनगणनेचा तो रकाना, दोघांची बुद्धी एकच. जे काम फुकट होते ते शिकवायलाही ज्ञान लागत नाही!

आणि ज्ञान लागते हे वाशिमात राहून तर पदोपदी दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. आपला जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे सरळ भाषेत मागे पडलेला. शेतात ज्वारी होती तिथे सोयाबीन आले. सोयाबीन विकले जाते, ताटात येत नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, जनावरे कमी झाली, दूध कमी झाले. तरोटा, अंबाडी, जवस आमच्या आज्यांच्या हातात होते, ते पोरींना आता "गरिबाचे खाणे" वाटते. या सगळ्याचा बाईच्या रक्ताशी काय संबंध आहे ते सांगणारी शिक्षिका गावागावात हवी. गटाच्या नावावर काढलेले कर्ज, त्यावर खाजगी फायनान्स कंपनीचे दुसरे, आणि आठवड्याचा हप्ता भरायला तिसरे, हा हिशेब कागदावर मांडून दाखवणारी हवी. बोगस बियाणे, खोटी विमा पॉलिसी, दोन महिन्यांत बंद पडलेले मिक्सर यांची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे कशी न्यायची ते शिकवणारी हवी. हे सगळे या विषयाच्या पोटात बसते. कुटुंबाचे अर्थशास्त्र ते हेच.

मग ते आज शिकवते कोण? अंगणवाडी सेविका, आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या गटांबरोबर फिरणारी सहयोगिनी. 'अंगणवाडी' हा शब्दच आपल्या ताराबाई मोडकांनी घडवला. १९४५ पासून बोर्डीला, मग कोसबाडला, ताराबाई आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यांच्या अंगणात जाऊन मुलांना शिकवू लागल्या. १९७५ साली सरकारने बालविकास योजना काढली तेव्हा ते नाव देशभर गेले. नाव गेले, पण शिक्षिकेचा मान सोबत गेला नाही. सेविकेला आता बारावी पास असण्याची अट आहे, पण ती 'मानसेवी', तिला पगार नाही, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले. वीस-वीस वर्षे बालकांची वजने घेतलेली, कमी वजनाचे मूल नजरेने ओळखणारी ही बाई बालविकासाच्या वर्गात पाऊल ठेवू शकत नाही, आणि बालविकासात एम.ए. झालेली मुलगी एकही कुपोषित मूल न हाताळता नेट पास होऊ शकते. दोघी एकमेकींच्या शेजारच्या गल्लीत राहतात. दोघींनाही पुरेसा पैसा मिळत नाही.

मला कोणी विचारेल की मग पात्रता खाली आणायची का? नाही. एकदम नाही. 'रुचिरा' लिहिणाऱ्या कमलाबाई ओगल्यांनी कॉलेज पाहिले नव्हते आणि त्यांच्या पुस्तकाने महाराष्ट्राच्या कितीतरी स्वयंपाकघरांत शिक्षिकेचे काम केले, हे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. कमलाबाई मोठ्याच. पण त्यांचे नाव घेऊन उद्या संस्थाचालक म्हणणार, बघा, पदवीशिवाय भागते, मग कशाला पूर्ण पगाराचे पद? भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाबद्दल असे कोणी म्हणत नाही. नेट-सेटची अट राहू द्या, पंचावन्न टक्के राहू द्या. त्या अटींमुळेच "स्वयंपाकच तर शिकवायचा" म्हणणाऱ्याला गप्प करता येते. भांडण आहे ते वेगळ्या जागी. सेविकेच्या, सहयोगिनीच्या अनुभवाला पदवीच्या प्रवेशात आणि श्रेयांकात मोजायची सोय हवी, म्हणजे तिला त्या वाटेने वर येता येईल. एम.ए.च्या मुलीला एक सत्र अंगणवाडीत, एक करड्यासारख्या केंद्रात काढायला लावले पाहिजे. नेटची प्रश्नपत्रिका मराठीत हवी. आणि मंजूर पदे भरलीच पाहिजेत. बाकी सगळे त्याच्यानंतर.

मुलांचे काय? नियमात कुठेही असे लिहिलेले नाही की गृहअर्थशास्त्र फक्त बाईने शिकावे किंवा शिकवावे. नेटचा अर्ज स्त्री-पुरुष दोघेही भरतात. भिंत आहे ती प्रवेशाच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या तोंडात. वर्गात पाच मुलगे बसले तर हा विषय 'मुलींचा, सोपा' राहणार नाही, हे माझे अनुमान आहे आणि त्यात थोडा कडवटपणाही आहे, कारण मुलगे आल्यावर विषयाची किंमत वाढणे हेही पुन्हा पुरुषसत्तेचेच लक्षण. शिवाय पदे कमी आणि मुलगे आले तर आधी त्यांची वर्णी लागेल, ही भीती एका मैत्रिणीने बैठकीत बोलून दाखवली. तिची भीती खोटी नाही. तरीही डाळीत पाणी किती घालायचे आणि तान्ह्या बाळाला ताप आला तर काय करायचे, हे ज्याला येत नाही असा वीस वर्षांचा मुलगा शिकलेला आहे असे मी मानायला तयार नाही.

त्या आईला मी शेवटी एवढे सांगितले: पोरीला गृहअर्थशास्त्र घेऊ दे, पण सोबत मराठी आणि इतिहास असू दे. पहिल्या वर्षापासून साठ टक्के सोडायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी पर्यवेक्षिकेची जाहिरात बघत राहायचे. एम.ए. करायचे तर दुसऱ्या वर्षीच सेटचा अर्ज भरायचा, शेवटच्या वर्षाला असतानाही तो भरता येतो. कारंजामार्गे अमरावतीची एस.टी. आहे आणि २०२३ पासून बाईला अर्धेच तिकीट आहे. आणि लग्नाची बोलणी चालू झाली तर आधी आमच्याकडे यायचे.

आता तुमच्याकडून काही हवे आहे. पुढच्या अंकासाठी आम्ही जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची माहिती गोळा करतो आहोत. तुमच्या तालुक्यातल्या कॉलेजात हा विषय आहे का? मंजूर पद किती, त्यावर कोणी आहे का, की तासिकेवर? तासिकेचे पैसे किती महिन्यांनी मिळतात? प्रात्यक्षिकासाठी वेगळी खोली, पाणी, गॅस आहे का? वर्गात एकतरी मुलगा आहे का? जी माहिती कॉलेज देणार नाही ती माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाचा नमुना हवा असेल तर केंद्रातून घेऊन जा. तासिकेवर शिकवणाऱ्या बाईचे नाव छापले जाणार नाही, तिच्या कॉलेजचेही नाही. पत्रे ऑगस्टअखेर केंद्राच्या पत्त्यावर पोचू द्या. पोस्टकार्डही चालेल.